पुस्तक उघडं ठेवून दिलेली परीक्षा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक नेहमीप्रमाणे ओसरीवर भरली होती. बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि गप्पा मुलांच्या निकालावर आल्या. एका ताईंची मुलगी चौथीत, परिसर अभ्यासात पहिल्या नंबरची. आम्ही कौतुकानं म्हटलं, "काय काय शिकलीस ते सांग बघू." तिनं हात मागे बांधले आणि बाष्पीभवनाची व्याख्या न अडखळता म्हणून दाखवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या आजी म्हणाल्या, "मग पोरी, माठातलं पाणी गार का होतं गं? स्टीलच्या कळशीतलं का होत नाही?"

मुलगी आईकडे बघायला लागली. आई आमच्याकडे बघायला लागली. आणि खरं सांगायचं तर आम्हीही एकमेकींकडेच बघत होतो.

उत्तर त्या व्याख्येतच होतं. माठाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी झिरपतं आणि वाऱ्यानं त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाणी गार होतं. कळशीतून पाणी झिरपत नाही, म्हणून ते तसंच राहतं. मुलगी हुशार आहे, व्याख्याही बरोबर होती. पण शाळेच्या पेपरात तिला कुणी माठाबद्दल विचारलंच नव्हतं. जे विचारलं होतं, ते तिनं पाठ केलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात एक प्रश्न बसला. मुलाला रोजच्या जगण्यातलं विज्ञान कळलं की नाही, हे तपासायचं कसं? शोध घेतला तेव्हा कळलं, की हा प्रश्न आपल्या आधी पुष्कळांना पडला होता. काहींनी त्यावर तीस वर्षं काम केलं. आजच्या भाषणात तीच हकिकत सांगायची आहे.

सुरुवात आपल्या महाराष्ट्रातूनच करू. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्याहून या आयोगापुढे आपलं निवेदन मांडलं. शाळांवरचा पैसा शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळतं, हे त्यांनी सरकारला सांगितलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, हेही सांगितलं. वाचन, मोडी आणि बाळबोध लिहिणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आणि त्याच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे. म्हणजे गावातल्या मुलाला गावात उपयोगी पडेल असं ज्ञान शाळेत मिळावं, ही मागणी त्या काळापासूनची आहे.

पण शाळेत काय शिकवलं जातं, ते शेवटी परीक्षेत काय विचारतात यावर ठरतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे. साहेब येणार म्हटलं की शाळा सारवायची, मुलांना धुवट कपडे घालायचे आणि आठ दिवस धडे घोकून घ्यायचे. साहेब विचारणार, मूल म्हणून दाखवणार. दिपोटी गेले, छापील पेपर आले, पण घोकायचं काही थांबलं नाही. पाठांतर वाईट नाही. पाढे पाठच हवेत, ओव्याही आपण पाठच केल्या. पण बी रुजतं कसं, माशी कुठून येते, पाणी जड की हलकं, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि मुलानं पाहिलं की नाही, ते त्याच्याकडून व्याख्या म्हणवून घेतली तर समजत नाही.

आता जरा महाराष्ट्राबाहेर जाऊ. भुसावळहून खांडव्यामार्गे गाडी इटारसीला जाते, हे आपल्यापैकी अनेकींना माहीत असेल. ते इटारसी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात येतं. जिल्ह्याचं नाव आता नर्मदापुरम् झालं आहे. नर्मदेच्या काठचा, शेती करणाऱ्यांचा हा मुलूख. तिथे १९७२ साली सोळा खेड्यांतल्या माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. तिकडे सहावी ते आठवीला माध्यमिक शाळा म्हणतात. आपल्याकडे हे वर्ग उच्च प्राथमिकमध्ये धरतात.

हा प्रयोग सुरू केला दोन संस्थांनी. एक रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि दुसरी बनखेडी भागातली किशोर भारती. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून खेड्यात आलेले शास्त्रज्ञ. याच संस्थेतले आणखी काही शास्त्रज्ञ त्या सुमारास मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याच्या कामात होते. त्यांची आणि दिल्ली विद्यापीठातल्या प्राध्यापकांची मदत होशंगाबादला मिळाली. राज्य सरकारनं परवानगी दिली. शिकवणारे मात्र गावातलेच सरकारी शिक्षक होते. त्यांतले पुष्कळ जण स्वतः विज्ञान शिकलेले नव्हते. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात शिबिरं भरायची आणि दर महिन्याला बैठक व्हायची, आपल्या गटाची होते तशीच.

वर्गात मुलं चार-चारच्या टोळ्या करून बसायची. पुस्तकाचं नाव होतं 'बाल वैज्ञानिक'. या पुस्तकात उत्तरं नव्हती. हे करून पाहा, ते मोजा, काय दिसलं ते लिहा, असंच त्यात असे. उत्तर मुलांनी आपल्या वहीत लिहायचं. म्हणजे निम्मं पुस्तक मूल स्वतःच तयार करायचं. बिया भिजवून मोड कसे येतात ते पाहायचं. शेणात माशीची अंडी शोधायची, त्यातून अळी, मग कोष, मग माशी कशी होते ते दिवस मोजून लिहायचं. पानं गोळा करून त्यांचे गट पाडायचे. एकच लांबी चौघांनी मोजली की चार उत्तरं का येतात, यावर बोलायचं. चिरफाडीच्या सुया महाग, म्हणून बाभळीचे काटे वापरले गेले. बाभूळ कुठल्या गावात नाही?

मुलांच्या डोक्यात प्रश्न आले तर विचारायचे कुणाला? त्यासाठी 'सवालीराम' होता. सवालीराम नावाचा माणूस खरा नव्हता, पण मुलं त्याला पत्रं लिहायची आणि पत्राचं उत्तर यायचं.

१९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. त्याच वर्षी पुण्याच्या कारखान्यात नोकरी करणारे अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनियर वर्षभराची रजा घेऊन तिथे राहिले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तू बघता बघता त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून आकार बनवले. पुढे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे म्हणून ते देशभर माहीत झाले आणि पुण्यात त्यांनी अनेक वर्षं मुलांसाठी काम केलं. १९८२ साली 'एकलव्य' ही संस्था निघाली आणि कार्यक्रमाची जबाबदारी तिनं घेतली.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. एवढं सगळं करून घेतल्यावर परीक्षा जुनीच ठेवली असती तर काय झालं असतं? शिक्षकांनी पहिल्या महिन्यात प्रयोग केले असते आणि दुसऱ्या महिन्यात गाईड आणलं असतं. हे ओळखून त्या लोकांनी परीक्षाच बदलली. आठवीच्या बोर्डाच्या परीक्षेत या शाळांसाठी विज्ञानाची वेगळी परीक्षा सरकारनं मान्य केली. लेखी पेपराला मुलांनी पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन बसायचं. होय, पुस्तक उघडं ठेवून! आणि जोडीला हातानं करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा.

ऐकलं की आधी वाटतं, ही कसली परीक्षा? ही तर सरकारमान्य कॉपी! आमच्या गटातल्या एका मावशींनी अगदी हेच म्हटलं. पण विचार करा. पुस्तक समोर असेल तर व्याख्या विचारण्यात अर्थच राहत नाही. मग पेपर काढणाऱ्याला पुस्तकात नसलेला प्रश्न शोधावा लागतो. मुलाला नवी गोष्ट द्यायची, काही निरीक्षणं द्यायची आणि विचारायचं, यावरून तुला काय वाटतं, आणि का?

आम्ही नमुन्यादाखल असा एक प्रश्न तयार केला. पांढऱ्या पदरावर हळदीचा डाग पडला. साबण लावला तर तो लाल झाला. आता त्यावर लिंबू पिळलं तर काय होईल? आधी अंदाज लिही, मग करून पाहा, मग कारण लिही. हळद आम्लात पिवळी राहते आणि साबणासारख्या पदार्थात लाल होते. लिंबू पिळलं की डाग पुन्हा पिवळा होतो. पहिली गोष्ट आपण दर धुण्याला पाहतो. दुसरी कितीजणींनी करून पाहिली आहे? ज्या मुलानं हात ओले केले आहेत, त्याला हे सांगता येईल. ज्यानं नुसतं वाचलं आहे, त्याला पुस्तक उघडं असूनही शोधावं लागेल.

आम्हाला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शेतात, गोठ्यात, चुलीपाशी वावरणाऱ्या मुलाला अशा परीक्षेत काहीतरी येतं. माठ, मोड, माशी, माती हे त्याच्या ओळखीचं असतं. ज्याच्या घरी शिकवणी लावायला पैसे नाहीत, तोही इथे अगदीच रिकाम्या हातानं बसत नाही. आणि मुलींना तर घरातल्या कामांतून किती विज्ञान माहीत असतं! त्यांना ते कुणी विचारत नाही, एवढंच.

हे काम सोपं नव्हतं. प्रयोगाचं सामान फुटतं, संपतं, ते पुन्हा आणावं लागतं. दर वर्षी नवे प्रश्न काढायचे म्हणजे शिक्षकांना एकत्र बसावं लागतं. प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं, त्यामुळे पेपर तपासायला वेळ लागतो. तरीही कार्यक्रम वाढत वाढत मध्य प्रदेशातल्या सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोचला.

आणि २००२ साली राज्य सरकारनं तो बंद केला. सगळ्या राज्यात एकच पुस्तक हवं, असं कारण पुढे आलं. ही मुलं पुढच्या परीक्षांत मागे पडतील, अशीही तक्रार होती. अनेक शिक्षक, शास्त्रज्ञ आणि लेखकांनी विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. तीस वर्षांचं काम त्या वर्षी शाळांतून गेलं.

मैत्रिणींनो, काळजी करणाऱ्या पालकांना आम्ही नावं ठेवणार नाही. दहावीचा पेपर जुन्याच पद्धतीचा असेल, तर आईबापाला धास्ती वाटणारच. आपल्यालाही वाटली असती. पण एक गोष्ट आम्हाला बोचते. मुलाला काय यायला लागलं आहे, हे घरच्यांना गुणपत्रिकेवरून कळत नाही. आणि जे आपल्याला कळत नाही, ते जातं तेव्हा आपण त्याच्यासाठी उभ्या राहत नाही.

ती कल्पना मात्र संपली नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात स्पष्ट म्हटलं आहे, की शिक्षण घोकंपट्टीपासून दूर जावं, शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडलं जावं आणि परीक्षा लवचीक व्हाव्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणी आज त्या समितीत आहेत. नाव यादीत आहे, सही होते, चहा होतो. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: गुरुजी, बाई, या सत्रात मुलांनी हातानं कोणते प्रयोग केले? प्रयोगाची पेटी शेवटची कधी उघडली? चाचणीत एक तरी प्रश्न करून बघायचा होता का? भांडायला नको, विचारायला हवं. चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न आवडतो. त्याला वाटतं, कुणीतरी बघतंय.

आणि घरी? "किती मार्क पडले?" हे विचारायचं आपण काही सोडणार नाही. त्याच्या पुढे एक प्रश्न जोडा, "आज काय करून पाहिलंस?" उत्तर आलं नाही तर रागावू नका. एक वाटी मूग द्या. अर्धे उजेडात, अर्धे अंधारात ठेवायला सांगा आणि रोज काय दिसतं ते लिहायला लावा.

त्या चौथीच्या मुलीचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पुढच्या बैठकीला आम्ही दोन सारख्या कळशा भरून सावलीत, वाऱ्याला ठेवल्या. एकीला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरी तशीच. दर अर्ध्या तासानं मुलीनं दोन्हींत हात घालून पाहिला आणि आमच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. दुपारी तिनं आजींना सांगितलं, "फडक्यातलं पाणी गार आहे. फडकं वाळलं की परत ओलं करावं लागतं, नाहीतर गार व्हायचं थांबतं." शेवटचं वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते पान आम्ही वहीत तसंच ठेवलं आहे.