अंगणातला किल्ला आणि मुलांची कल्पनाशक्ती

सहामाही परीक्षा संपली की दगड, विटा आणि फाटक्या गोणपाटांची शोधाशोध सुरू होते. दिवाळीत मातीचा किल्ला करण्याची ही प्रथा महाराष्ट्रातील मुलांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे. विटांच्या ढिगावर ओले गोणपाट अंथरायचे, चिखलाचा लेप द्यायचा आणि वर हळीव किंवा मोहरी पेरायची. काही दिवसांत डोंगर हिरवा होतो. माथ्यावर सिंहासनारूढ शिवाजीमहाराज, उतारावर मावळे, गुहेत वाघ, पायथ्याशी गाव. मावळा बुरुजाएवढा असतो आणि वाघ मावळ्याहून मोठा. पण त्याचे कोणालाही काही वाटत नाही.

हे वाटेनासे होणे, हीच कल्पनाशक्तीची पहिली पायरी. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मधील एका व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचे उदाहरण दिले होते. वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा काढण्याची क्षमता मुलाला खेळातून मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे, कुमारवयातील कल्पना म्हणजे कृतीविना चाललेला खेळच, असेही ते म्हणत. खेळ सुटतो, पण त्याने लावलेली सवय मागे राहते, असा याचा अर्थ.

मात्र, एकट्या मुलाची काठी क्षणात घोडा आणि क्षणात तलवार होऊ शकते. त्याला विचारणारे कोणी नसते. शेजारची चार मुले आली की ते चालत नाही. करवंटीला विहीर म्हणायचे, तर ते सर्वांना पटवावे लागते, आणि एकदा पटले की त्या विहिरीत पाय घालता येत नाही! रायगड पाहून आलेला भिडू सांगतो, की महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला असतो. दुसऱ्याला दरवाजा समोरच हवा असतो, नाहीतर बघायला येणाऱ्यांना तो दिसणार कसा? भांडण होते, कट्टी होते आणि अखेरीस जो किल्ला उभा राहतो, तो कोणा एकाच्या डोक्यात कधीच नव्हता.

या मंडळींत लहानग्यांनाही जागा असते. मराठी मुलांनी त्यासाठी 'लिंबू-टिंबू' हा सुंदर शब्द घडवला आहे. त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो आणि पाहता पाहता सारे शिकतो.

वाड्यांच्या जागी इमारती आल्या, अंगणात मोटारी लागल्या. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. काही घरांत तर किल्ला पालकच करतात, मुले फक्त मावळे मांडतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, याचा आनंद सर्वांनाच झाला. मातीच्या किल्ल्याला एवढे काही लागत नाही. सोसायटीच्या आवारातला एक कोपरा, आणि चिखल झाला म्हणून न ओरडणारा रखवालदार पुरे.

दिवाळी सरली की दगड जिन्याखाली जातात आणि चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. पुढच्या वर्षी त्यातून हात तुटलेला मावळा निघतो. त्याला टाकून देत नाहीत. तो लढाईत जखमी झालेला असतो.