फ्लाय कास्टिंग

पिसे व धाग्यांची कृत्रिम माशी लांब, लवचीक काठीने पाण्यावर टाकण्याचे तंत्र. साध्या गळात शिशाचे वजन दोरीला ओढत नेते. येथे माशी जवळजवळ वजनरहित असल्याने जाड, वजनदार दोरीच फेकावी लागते. त्यामुळे शिकवणीचा बराचसा भाग दोरीतील ढील आवरण्यात जातो. दोरी ताणलेली असेल तरच काठी वाकून बळ साठवते. नाहीतर हाताची पहिली हालचाल ढील काढण्यातच खर्ची पडते. अमेरिकेतील बिल व जे गॅमेल यांनी मांडलेल्या पाच तत्त्वांत ढील कमीत कमी ठेवणे हे एक आहे.

न्यूयॉर्क राज्यात १९७९ साली ली व जोन वुल्फ यांनी या विद्येची शाळा काढली. शिकवणी बहुधा हिरवळीवर होते. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधतात. काठीचे टोक खाली ठेवून, ढील ओढून घेऊन मगच फेक सुरू करायची. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबणे नवशिक्याला सर्वांत जड जाते, म्हणून त्याला मान वळवून मागे पाहायला लावतात.

गंमत अशी, की वाहत्या पाण्यात हीच ढील मुद्दाम सोडावी लागते. प्रवाहाच्या वेगवेगळ्या गतींमुळे दोरी ताणली की माशी फरफटते आणि ट्राउट मासा बिचकतो. त्यासाठी काठी थांबवल्यावर, दोरी हवेत असतानाच टोक डावी-उजवीकडे हलवतात. दोरी नागमोडी पडते.