शेजाऱ्याच्या जमिनींतील पाट

दुसऱ्याच्या जमिनींतून आपलें पाणी नेण्याचा हक्क प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतो. परंतु अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानाचा इतिहास त्यावांचून समजावयाचा नाहीं. तेथें पाऊस तुटपुंजा. नदी एकीकडे, शेत दुसरीकडे. १८७२ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें हा हक्क उचलून धरला व १८७६ च्या राज्यघटनेनें भरपाईच्या अटीवर तो कायम केला.

पुढें शेतांच्या जागीं विलासगृहें उठूं लागलीं आणि जुने पाट नव्या मालकांस अडचणीचे वाटूं लागले. बसाल्ट गांवाजवळ रोअरिंग फोर्क क्लबानें गोल्फचें मैदान तयार करतांना तेथून वाहणारे सेंट ज्यूड्स कंपनीचे पाट तिच्या संमतीवांचून बदलले. पाणी पूर्वीइतकेंच मिळाल्यावर तक्रार कसली? प्रश्न वरवर बिनतोड आहे. तथापि कंपनीची धास्ती आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. पाट म्हणजे केवळ पाणी नव्हे. गाळ उपसण्यास व कांठ सांवरण्यास लागणारी वाटहि त्यांत आली. शेजाऱ्यानें आपल्या सोईनें वळविलेला पाट उद्यां फुटला तर निस्तरावयाचें कोणीं? (आपल्याकडील कोणत्याहि बागाईतदारास हें समजावून सांगावें लागणार नाहीं.)

२००१ सालीं कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, जमीनमालकानें संमति घ्यावी. ती न मिळाल्यास आधीं न्यायालयाकडे जावें, आणि पाटाची उपयुक्तता घटत नाहीं व हक्कदारावर जादा बोजा पडत नाहीं असें दिसल्यासच पाट हलवावा. क्लबानें तर आधींच कुदळ मारली होती! तरीहि पाट पूर्ववत् करण्याचा सरसकट हुकूम न देतां प्रकरण फेरविचारार्थ खालच्या न्यायालयाकडे धाडण्यांत आलें.