कोंडेश्वर (बदलापूर)

कोंडेश्वर हे ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात बदलापूरजवळ असलेले शिवस्थान व त्यालगतचा धबधब्याचा डोह होय. कोकणात नदीपात्रातील खोल डोहास ‘कोंड’ म्हणतात. पावसाळ्यात कल्याण, डोंबिवली, ठाणे येथून पोहणाऱ्यांची येथे गर्दी होते.

डोहाच्या भिंती काळ्या बेसाल्टच्या आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर थिजून हा खडक बनला. त्यावरून डोह हे ज्वालामुखीचे मुख असावे असे एखाद्यास वाटेल; परंतु लाव्हाने येथे खडक पुरविला, खोदकाम पाण्याचे आहे. सामोआतील उपोलू बेटावरचे ‘टो सुआ’ हे पोहण्याचे प्रसिद्ध कुंड लाव्हानलिकेचे छत कोसळून झाले. कोंडेश्वराची गोष्ट वेगळी. लाव्हाच्या काही थरांत वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिलेल्या असतात. असा सच्छिद्र थर लवकर झिजतो, त्यावरील घट्ट थर छज्जाप्रमाणे पुढे राहतो आणि कोसळणारे पाणी पायथ्याशी खळगा कोरते. भोवऱ्यात फिरणारे दगडगोटे तळाशी रांजणखळगे घडवितात.

पोहणाऱ्यास हीच रचना घातक ठरते. गुडघाभर पाण्यातून पुढच्याच पावलाला खोल खळगा लागू शकतो, शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. वर डोंगरात सर कोसळली, की खाली ऊन असतानाही पाणी झपाट्याने चढते. येथे बुडून अनेक तरुणांचा मृत्यू झाला असून, पावसाळ्यात पाण्यात उतरण्यास मनाई करणारे आदेश जिल्हा प्रशासन वारंवार काढते.