बर्नहार्ड लँगर : आखडणारा हात, तुटलेली कंडरा आणि ४७ विजय



काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिंपीकाका आले होते. वय बासष्ट. तक्रार अशी की कापडावर कात्री चालवायला घेतली की उजव्या हाताची बोटं आखडतात आणि मनगट वाकडं होतं. बाकी सगळं व्यवस्थित. जेवताना, शर्टाची बटणं लावताना, अगदी सुईत दोरा ओवतानाही काही त्रास नाही. फक्त कात्री! मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, मानेचा एक्स-रे काढला. काहीच सापडलं नाही, तेव्हा "काका, टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेची सौम्य गोळी लिहून दिली. ते मुकाट्याने गेले. माझी ही चूक होती, आणि ती माझ्या लक्षात आली एका गोल्फ खेळाडूबद्दल वाचताना. आज त्याचीच गोष्ट सांगतो. तुम्हाला गोल्फ कळत नसेल तरी चालेल, मलाही फारसा कळत नव्हता.

बर्नहार्ड लँगरचा जन्म २७ ऑगस्ट १९५७ चा, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या आनहाउझेन या गावचा. वडील गवंडी. युद्धानंतर त्यांना सायबेरियाकडे नेणाऱ्या कैद्यांच्या गाडीतून उडी मारून ते निसटले आणि बव्हेरियात स्थायिक झाले. घरची परिस्थिती बेताची. जवळच ऑग्सबर्गचा गोल्फ क्लब होता. तिथे मोठी भावंडं कॅडीचं काम करत, म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी वाहत. लहानगा बर्नहार्डही आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागे जाऊ लागला. त्या काळात जर्मनीत गोल्फ हा मूठभर श्रीमंतांचा छंद होता. त्यावर पोट भरता येईल असं कुणाला वाटत नसे. तरी १९७२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, हा मुलगा व्यावसायिक झाला आणि म्युनिकच्या क्लबात सहायक प्रशिक्षक म्हणून लागला.

पहिला दणका शरीरानेच दिला. सक्तीच्या लष्करी सेवेत रायफल आणि जड पाठपिशवी घेऊन कवायत करताना त्याच्या मणक्याला ताणामुळे तडा गेला आणि चकती फुगली. वय जेमतेम एकोणीस. गोल्फचा फटका म्हणजे कंबरेतून जोरात पीळ देणं, तेही आयुष्यभर हजारो वेळा. अशी पाठ घेऊन पुढे पन्नास वर्षं कुणी हा खेळ खेळेल असं त्या वेळी मला विचारलं असतं, तर मी नाहीच म्हटलं असतं. लँगरने तेव्हापासून रोज शरीर ताणण्याचे आणि पोटा-पाठीचे व्यायाम सुरू केले आणि ते कधी सोडले नाहीत.

दुसरा दणका अधिक विचित्र होता. गोल्फमध्ये लांबचे फटके मारून चेंडू हिरवळीवर आणायचा आणि मग 'पटर' नावाच्या काठीने हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचा. यातलं अंतर कधी कधी दोन-तीन फूटच असतं, लहान मूलही करील असं काम. स्पेन-पोर्तुगालच्या वेगवान हिरवळींवर खेळायला गेल्यावर लँगरचे हात नेमके याच ठिकाणी झटका देऊ लागले. चेंडूला स्पर्श होण्याच्या क्षणी मनगट आपोआप उसळायचं आणि चेंडू खड्ड्याच्या पलीकडे कितीतरी लांब जायचा. दोनशे मीटरचा फटका अचूक, आणि तीन फुटांचा चुकलेला!

गोल्फवाले याला 'यिप्स' म्हणतात. टॉमी आर्मर या जुन्या विजेत्याने हा शब्द रूढ केला. बेन होगन, सॅम स्नीड असे मोठमोठे खेळाडू याला बळी पडले. लँगरला तर तो एकदा नव्हे, चार वेळा झाला. मधली काही वर्षं बरी जायची आणि पुन्हा उलटायचा. १९८८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये एकाच हिरवळीवर त्याला पाच वेळा पटर मारावा लागला.

आता थोडं वैद्यकीय. यिप्सचे साधारण दोन प्रकार मानले जातात. एक निव्वळ दडपणाचा : सामना अटीतटीचा झाला की हात कापतात, सरावात मात्र काही होत नाही. दुसरा प्रकार म्हणजे 'फोकल डिस्टोनिया'. एकच बारीक हालचाल वर्षानुवर्षं हजारो वेळा केली की मेंदूतला त्या बोटांचा नकाशा जणू पुसट होतो. एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्या बोटालाही जातो. हात वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि हात अडकतो किंवा झटका देतो. हे फक्त त्या एका कामापुरतं होतं. लिहिणाऱ्यांना लिहिताना होतं, वादकांना वाद्यावर होतं, शिंप्यांना कात्रीवर होतं. हाताची ताकद पूर्ण असते, तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात. म्हणून रुग्णाला "मनाचा खेळ आहे" असं सांगून घरी पाठवलं जातं. मी पाठवलं तसंच. बऱ्याच जणांत दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते, कारण हात आखडायला लागला की भीती वाटणारच, आणि भीतीने तो आणखी आखडणार.

लँगरचा यिप्स यातला नेमका कोणता, हे मी सांगणार नाही. मी त्याला तपासलेलं नाही. पण त्याने शोधलेला उपाय मात्र आमच्या पुस्तकातल्या उपायाशी फार जुळतो. त्याने पकड बदलली. आधी डावा हात उजव्याच्या खाली नेला. १९८५ साली अमेरिकेतली मास्टर्स ही अतिशय मानाची स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा जवळच्या पटसाठी तो ही उलटी पकड वापरत होता आणि लांबच्या पटसाठी नेहमीची. १९८६ मध्ये गोल्फची अधिकृत जागतिक क्रमवारी पहिल्यांदा जाहीर झाली, त्यात पहिलं नाव याचं होतं. मग १९८८ ला पुन्हा यिप्स. या वेळी त्याने पटरची दांडी डाव्या हाताच्या पुढच्या भागाला टेकवून उजव्या हाताने दांडी आणि हात दोन्ही एकत्र धरायला सुरुवात केली. दिसायला हास्यास्पद, पण हीच पकड घेऊन १९९३ ची मास्टर्स जिंकली. डिस्टोनियात यालाच महत्त्व आहे. पकड, स्पर्श, अवजाराची जाडी बदलली की मेंदूला ते काम नवं वाटतं आणि बिघडलेला जुना मार्ग टाळला जातो. हा परिणाम काही वेळा काही वर्षांनी ओसरतो. मग पुन्हा बदल करावा लागतो.

मधल्या १९९१ सालची एक गोष्ट सांगायलाच हवी. युरोप विरुद्ध अमेरिका ही रायडर कप स्पर्धा किआवा बेटावर शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या पटवर येऊन ठेपली होती. समोर अमेरिकेचा हेल अर्विन. लँगरसमोर सहा फुटांचा पट. गेला तर बरोबरी आणि कप युरोपकडेच राहणार. चुकला तर अमेरिका जिंकणार. तो चुकला. जगभरच्या दूरचित्रवाणीवर त्याचा आक्रोशणारा चेहरा दिसला. पुढच्याच आठवड्यात जर्मन मास्टर्स स्पर्धेत सामना लांबवण्यासाठी शेवटच्या होलवर त्याला पंधरा फुटांचा पट हवा होता. तो त्याने घातला आणि प्ले-ऑफमध्ये स्पर्धा जिंकली. हेल अर्विन हे नाव लक्षात ठेवा.

गोल्फमध्ये पन्नाशी गाठलेल्यांची वेगळी व्यावसायिक मालिका अमेरिकेत १९८० पासून चालते. आज तिला पीजीए टूर चॅम्पियन्स म्हणतात. बहुतेक सामने चारऐवजी तीन दिवसांचे असतात आणि बऱ्याच ठिकाणी गाडीतून फिरायची मुभा असते. कुणी याला पेन्शनरांची सहल म्हणेल. पण तिथे पन्नाशीत नव्याने दाखल होणारे तगडे खेळाडू दरवर्षी येतच असतात, आणि त्यामुळे साठीनंतर जिंकणं फार कठीण होतं. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटपट ताकद लावणारे तंतू आधी घटतात, आणि गोल्फचा फटका त्यांच्यावरच चालतो.

लँगर २००७ मध्ये पन्नास वर्षांचा झाला आणि त्याच वर्षी या मालिकेत पहिली स्पर्धा जिंकला. मग दरवर्षी किमान एक. २०११ मध्ये डाव्या अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली, पण त्या वर्षीचा विजय त्याआधीच पदरात पडला होता. एव्हाना तो छातीला टेकवायचा लांब पटर वापरत होता. १ जानेवारी २०१६ पासून नियम बदलला आणि पटर शरीराला टेकवून मारायला बंदी आली. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा माणूस संपला असं अनेकांना वाटलं. त्याने तोच लांब पटर ठेवला आणि हात छातीपासून जरासा दूर घेतला. २०१७ मध्ये सात स्पर्धा जिंकल्या, त्यांत ज्येष्ठांच्या तीन प्रमुख स्पर्धा होत्या. हात खरंच छातीला लागत नाही ना, यावर बरीच कुजबुज झाली, पण गोल्फच्या नियामक संस्थेला त्यात नियमभंग आढळला नाही.

२०२१ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, तो या मालिकेतला सर्वांत वयस्कर विजेता ठरला. आधीचा विक्रम माइक फेचिकचा. त्याने १९८५ साली आपल्या त्रेसष्टाव्या वाढदिवशीच स्पर्धा जिंकली होती. सर्वाधिक ४५ विजयांचा विक्रम मात्र त्याच हेल अर्विनच्या नावावर होता. २०२३ च्या जुलैत लँगरने विस्कॉन्सिनमध्ये यूएस सीनियर ओपन जिंकून ४६ वा विजय नोंदवला. वय पासष्ट.

आणि मग १ फेब्रुवारी २०२४ च्या सुमारास फ्लोरिडात गंमत म्हणून पिकलबॉल खेळताना त्याच्या डाव्या पायाची अकिलीस कंडरा तुटली.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. पेशंट तिला 'टाचेमागची नस' म्हणतात, पण ती नस नव्हे. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा कमी असतो, आणि ती बहुधा तिथेच तुटते. 'मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं' हे वाक्य मी तीनदा ऐकलं आहे, एकदा बॅडमिंटन खेळणाऱ्याकडून आणि दोनदा बस पकडायला धावलेल्यांकडून. फसवी गोष्ट ही की अशा माणसाला लंगडत का होईना चालता येतं आणि पाऊल थोडंफार हलवताही येतं. म्हणून मुरगळलं असेल असं समजून आठवडाभर लेप लावला जातो. त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. पालथं झोपवून पोटरी दाबली तरी पाऊल हलत नसेल, तर निदान जवळपास पक्कं. आणखी एक : सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर. लघवीच्या जंतुसंसर्गाची घरात उरलेली गोळी पुन्हा स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लँगरची लगेच शस्त्रक्रिया झाली आणि सुमारे तीन महिन्यांत, मे महिन्यात, तो मैदानात परतला, गाडीत बसून. माझे पेशंट ही बातमी दाखवून "मग मला सहा महिने का सांगता?" असं विचारतील, म्हणून आताच सांगतो. त्याच्याकडे रोजची फिजिओथेरपी, पन्नास वर्षांचा व्यायाम आणि गाडी होती. गोल्फमध्ये पळावं लागत नाही. धावायला किंवा उड्या मारायला सहा महिने ते वर्ष लागतंच.

त्या वर्षी लँगरची विजयांची मालिका खंडित होणार हे जवळपास नक्की होतं. नोव्हेंबरमध्ये फिनिक्सला हंगामाची शेवटची स्पर्धा होती. शेवटच्या होलवर त्याच्यासमोर सुमारे तीस फुटांचा पट होता. तो गेला आणि सदुसष्टाव्या वर्षी ४७ वा विजय मिळाला, सलग अठराव्या वर्षी.

शिंपीकाकांना मी फोन करून परत बोलावलं, चूक कबूल केली आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे डिस्टोनियाचं निदान झालं. बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन सुचवलं गेलं होतं, त्याने काहींना चांगला आराम पडतो, पण काका नको म्हणाले. त्यांनी कात्रीच्या कड्यांना जाड कापड गुंडाळलं आणि अंगठ्याऐवजी तळहाताने दाब द्यायला शिकले. दोन तास कापतात, मग मुलाला देतात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लँगर शेवटची मास्टर्स खेळला, त्याची एकेचाळिसावी. तिथे गाडी नाही, चढ-उतारांवरून चालावं लागतं. दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीत जाण्यासाठी त्याला शेवटच्या होलवर एक पट हवा होता. तो थोडक्यात चुकला आणि एका फटक्याने तो बाहेर गेला. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हात आखडला होता का?"

"नाही काका, नुसताच चुकला."