कमानपाटा : एका लष्करी रुग्णवाहिकेच्या प्रतिकृतीमागचा इतिहास

१/
माझ्या टेबलावर सध्या साडेपंधरा सेंटीमीटर लांबीची एक रुग्णवाहिका उभी आहे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लष्कराची ‘ऑस्टिन के-टू’, प्रमाण १/३५. कोल्हापूरच्या पावसाळ्यात प्रतिकृती रंगवणे म्हणजे संयमाची परीक्षाच. हवेतील दमटपणाने वार्निशवर पांढुरकी झाक चढते आणि काम दिवसचे दिवस खोळंबते. त्या रिकाम्या दिवसांत एक प्रश्न मनात घर करून बसला. आपल्या भागातले जखमी शिपाई रणांगणातून नेमके कशातून परत आले? आजचा धागा त्याविषयी.

२/
हा प्रश्न कोल्हापूरला परका नाही. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच ‘सैनिक टाकळी’ आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात, म्हणजे आपल्या शेजारीच आहे. पदके आणि पराक्रम यांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. मात्र गोळी लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांची कथा क्वचितच सांगितली जाते.

३/
आधी गाडीची ओळख करून घेऊ. इंग्लंडमधील लाँगब्रिज येथील ऑस्टिन कारखान्याने १९४० ते १९४५ या काळात अशा १३ हजारांच्या आसपास गाड्या बांधल्या. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, फक्त मागच्या चाकांना गती. चालकाच्या कक्षाला दरवाजेच नाहीत, त्या जागी कॅनव्हासचे पडदे. आत चार स्ट्रेचर किंवा दहा बसलेले जखमी मावत. चालकाच्या कक्षातून मागे जाण्यासाठी एक छोटे दारही असे.

४/
पहिली चूक माझ्या हातून येथेच झाली. मागच्या पेटीच्या कडांवर मी हौसेने गंजाचे ओघळ काढले. नंतर लक्षात आले की ती पेटी पत्र्याची नव्हतीच. लाकडी सांगाड्यावर रंगवलेले लेदरक्लॉथ ताणून ती बनवलेली होती. कापडाला गंज कसा चढणार? ते फाटते, सुरकुतते, पाण्याने डागाळते. सगळे ओघळ पुसून काढावे लागले. गाडी जुनी दाखवण्याआधी ती कशाची बनली होती, हे ठाऊक असावे लागते.

५/
दुसरा धडा मापाचा. १/३५ प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटीमीटर. ब्रशच्या टोकाने सहज ठेवलेला दोन मिलिमीटरचा चिखलाचा ठिपका खऱ्या गाडीवर सात सेंटीमीटरचे ढेकूळ ठरतो. रंगाचा टवका उडाल्याचे दाखवायचे, तर तो सुईच्या अग्राएवढाच हवा. म्हणून स्पंजच्या कपच्याने नुसता स्पर्श करायचा आणि थांबायचे.

६/
तिसरा धडा थरांचा. ब्रिटिश लष्कराने युद्धकाळात गाड्यांचे रंग अनेकदा बदलले. आधीच्या तपकिरी छटेनंतर १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब हा हिरवट रंग ठरवण्यात आला. इटलीच्या आघाडीवर मातकट फिक्या रंगावर गडद पट्टेही दिसत. जुना रंग न खरवडता त्यावरच नवा दिला, की टवका उडालेल्या जागी खालचा रंग डोकावतो. प्रतिकृतीत हे साधण्यासाठी दोन रंगांच्या मधे हेअरस्प्रेचा थर देतात. वरचा रंग ओल्या ब्रशने घासला, की तो हवा तेथेच निघतो.

७/
चिखलासाठी मात्र परदेशी पुस्तकाची गरज भासली नाही. गळीत हंगामात उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर नीट पाहावा. चाकामागे ओला, काळपट चिखल. त्याच्या वर वाळून फिकट झालेला थर. सर्वांत वर नुसती धूळ. २०१९ च्या महापुरानंतर पंचगंगेचा गाळ भिंतींवर कसा वाळत गेला, हेही कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. इटलीच्या मातीचा रंग वेगळा, पण चिखल वाळण्याची रीत तीच.

८/
आता लाल क्रॉस. या चिन्हाला १८६४ च्या जिनिव्हा कराराने मान्यता दिली. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लाल क्रॉस म्हणजे स्विस ध्वजाच्या रंगांची अदलाबदल. लाल रंगाची नेमकी छटा कराराने ठरवलेली नाही. चिन्ह दुरून ओळखू यावे, हा त्यामागचा हेतू. बाकी गाडी हवी तेवढी मळवावी, पण क्रॉस चिखलाने पूर्ण झाकू नये, असे मी ठरवले. आतल्या माणसांचे संरक्षण त्या चिन्हावरच अवलंबून होते.

९/
इथवर आल्यावर गाडी उलटी केली आणि खालचे कमानपाटे रंगवायला घेतले. गॅरेजमध्ये ज्यांना नुसते ‘पाटे’ म्हणतात, ते हेच: एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. प्रतिकृती शेल्फवर ठेवली, की हा भाग कोणालाही दिसत नाही. पण मांडीचे हाड मोडलेल्या माणसाच्या दृष्टीने संपूर्ण गाडीत यापेक्षा महत्त्वाचे काही नसते. हे समजून घेण्यासाठी १९१५ सालच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जावे लागते.

१०/
पहिल्या महायुद्धात बगदादच्या दिशेने निघालेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई. तीत १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री व ११७ मराठा या पलटणी होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉनची लढाई सुरू झाली. काही दिवसांत मृत आणि जखमींचा आकडा चार हजारांच्या वर गेला. जखमींना हलवण्याची व्यवस्था त्या मानाने अगदीच तुटपुंजी होती.

११/
रुग्णवाहिकांच्या जागी मिळाल्या त्या खेचरे जुंपलेल्या दुचाकी मालगाड्या. लष्करी सामान वाहण्यासाठी बनवलेल्या, लोखंडी सांगाड्याच्या आणि कमानपाटे नसलेल्या. त्यांतून जखमींना उंचसखल वाळवंटातून कित्येक मैल नदीकाठच्या लज्जपर्यंत नेण्यात आले. चाक ज्या ज्या खड्ड्यात गेले, त्याचा प्रत्येक हिसका थेट मोडलेल्या हाडात बसला. पुढे नदीतून बसऱ्यापर्यंतचा प्रवास, तोही खच्चून भरलेल्या बोटींतून.

१२/
‘मेजिदिये’ ही अशीच एक बोट जवळपास दोन आठवड्यांनी बसऱ्याला पोहोचली. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांना तिच्या बाजूंवरून दोरखंड लोंबत असल्यासारखे दिसले. बोट जवळ आल्यावर कळले, की ती माणसांची वाळलेली विष्ठा होती. जखमींना डेकवरून हलताही आले नव्हते. कार्टर यांनी हे वरिष्ठांना सांगितले, तेव्हा त्यांनाच लुडबुड्या ठरवून अटकेची धमकी देण्यात आली.

१३/
पण त्यांची साक्ष दडपता आली नाही. १९१७ साली मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. एव्हाना त्या आघाडीवर फोर्डच्या मोटार रुग्णवाहिका धावू लागल्या होत्या. मराठा पलटणींसाठी मात्र फार उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे त्या वेढ्यात सापडलेल्या फौजेने शरणागती पत्करली होती, आणि पुढे कैदेत असंख्य शिपाई दगावले.

१४/
सुमारे पंचवीस वर्षांनी ‘के-टू’ आली, तरी पहिला टप्पा माणसाच्या खांद्यावरच राहिला. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी एका जखमी सहकाऱ्याला खोल पाण्यातून, चढ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग दुसऱ्यासाठी ते पुन्हा परतले. त्यानंतर त्यांनी शत्रूच्या मशीनगनवर हल्ला चढवला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे.

१५/
रुग्णवाहिकेचे काम या खांद्यांच्या पुढे सुरू होत असे. स्ट्रेचरवाहक, प्रथमोपचार ठाणे, ड्रेसिंग स्टेशन, मग इस्पितळ, अशी ती साखळी. कडी एकच निखळली, तरी आधीच्या साऱ्यांचे श्रम वाया जात. टेसिफॉनला शौर्य कमी पडले नव्हते. कमी पडले ते खाटा, बोटी आणि कमानपाटे, आणि त्यांचा हिशेब आधी मांडणारी माणसे.

१६/
म्हणून ‘के-टू’ पूर्ण झाल्यावर मी दुसरे काम हाती घेतले आहे. प्लॅस्टिकच्या पत्र्यातून तीच बिनपाट्याची दुचाकी गाडी, त्याच १/३५ प्रमाणात. तिच्यावर इटलीचा चिखल नसेल. फिकट, कोरडी धूळ असेल. लाल क्रॉसही नसेल. दोन्ही गाड्या एकाच फळीवर शेजारी ठेवायच्या आहेत, आणि ‘के-टू’खाली एक छोटा आरसा, म्हणजे पाहणाऱ्याला पाटे दिसतील.

१७/
आपल्या घरात एखाद्या पणजोबांची जुनी लष्करी कागदपत्रे असतील, तर पदकांसोबत ‘जखमी’ हा शब्दही शोधावा. त्याच्या पुढे तारीख आणि जागा असेल, तर तेथून इस्पितळ किती दूर होते आणि मधे वाहन कोणते होते, एवढे तरी पाहावे. धागा समाप्त.