टबातलं पाणी आणि बर्कली

लेक कॅलिफोर्नियात असते. तिच्या परसातल्या हॉट टबच्या पाण्याचं खातं माझ्याकडे आहे. नोकरी सगळी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे नळीत नमुना धरून रंग जुळवणं हाताच्या सवयीचं. फिनॉल रेडचे थेंब टाकले आणि पाणी गडद गुलाबी झालं, की समजायचं सामू (पीएच) चढलाय.

ही तपासणी मुळात टबासाठी नव्हतीच. सामूची मोजपट्टी 1909 साली सोरेनसन या रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत मांडली. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. जॉन लील यांनी जर्सी सिटीच्या अख्ख्या पाणीपुरवठ्यात ब्लीचिंग पावडर सोडली, आपल्या ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात तीच. आधी कुणाची परवानगी घेतली नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने पाणी सुरक्षित ठरवलं. या माणसाच्या धाडसाने किती लेकरं वाचली असतील!

बर्कली विद्यापीठातल्या प्राध्यापक लँगेलियर यांना काळजी होती ती शहराच्या लोखंडी नळांची. कुठलं पाणी नळ खातं आणि कुठलं क्षार साठवतं, याचं गणित त्यांनी 1936 साली दिलं. त्याच बर्कलीत जकुझी हे इटालियन बंधू शेतविहिरींचे पंप बनवत. कँडिडो जकुझींच्या लहानग्या केनेथला संधिवाताने ग्रासलं होतं. त्याच्यासाठी घरच्या टबात सोडता येईल असा पंप तयार झाला आणि 1956 साली जे-300 नावाने तो बाजारात आला.

पण तो टब अंघोळीनंतर रिकामा व्हायचा. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात लोक वाइनच्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून बसू लागले, पुढे तेच पाणी आठवडेच्या आठवडे राहू लागलं, आणि नगरपालिकेचं काम परसात आलं. इथे ते अवघडच आहे. पाणी थोडं, माणसं जास्त, उष्णतेने क्लोरिन लवकर संपतं. बुडबुड्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू आपोआप चढतो. तो 8 वर गेला की क्लोरिनचा जंतू मारणारा अंश जेमतेम पाव उरतो. पाणी मात्र नितळच दिसतं.

म्हणून आधी खाण्याच्या सोड्याने अल्कता, म्हणजे सामूला सावरून धरणारी पाण्याची ताकद, 80 ते 120 पीपीएमवर आणा, मग सामू 7.2 ते 7.8 मध्ये बसवा, आणि क्लोरिन 3 पीपीएमच्या खाली असेल तर नातवंडांना टबात उतरू देऊ नका.